टायरचा गाल बघा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'खडकाळ वाळवंटासाठी टायर कसे निवडावेत'. त्याआधी एक करू. हा टायर मी मुद्दाम टेबलावर आणून ठेवलाय. मागच्या रांगेला दिसतोय ना? आता खरं सांगा, तुमची नजर आधी कुठे गेली? नक्षीवर. सगळ्यांचीच जाते. टायर घ्यायला आलेला माणूस नक्षीवरून हात फिरवतो, खाचेत बोट घालून खोली मोजतो आणि म्हणतो, दणकट आहे. या टायरची नक्षी जवळजवळ नवी आहे. गोटा व्हायला अजून निदान तीस-चाळीस हजार किलोमीटर लागले असते. तरी हा टायर मेलेला आहे. का, ते आता त्याला फिरवला की कळेल.

हे बघा. हा चिरा चार बोटं लांब आहे आणि तो नक्षीत नाही, बाजूला आहे. तुम्ही या भागाला साइडवॉल म्हणता, मी टायरचा गाल म्हणते. दगडी वाळवंटात टायर नक्षीने जगतो की नाही ते सोडा, पण मरतो तो गालावर. आज मला एवढं एकच पटवून द्यायचंय.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या लाटा येतात. सहारासारख्या सहारातही वाळूच्या टेकड्या साधारण चौथ्या हिश्श्यातच आहेत. उरलेल्यात मोठा भाग दगडांचा. उघड्या खडकाचं पठार म्हणजे हमादा, खडे पसरलेला माळ म्हणजे रेग. हे शब्द तिथल्या लोकांचेच. ऑस्ट्रेलियात अशा माळाला गिबर म्हणतात. १८४५ साली चार्ल्स स्टर्ट हा शोधप्रवासी तिथून गेला, तेव्हा त्याचे घोडे दगडांनी लंगडे झाले. घोड्याच्या खुराला जे सोसलं नाही, ते रबराला सोसेल असं आपण कसं धरून चालतो?

नदीतला गोटा गुळगुळीत का असतो? पाण्याने घासून. वाळवंटात ते घासणं जवळजवळ नाहीच. दगड ऊन-थंडीने तडकतो आणि जिथे तडकला तिथेच पडून राहतो. वारा वाळू मारतो, पण ती कडा बोथट करेलच असं नाही. वाऱ्याने तासलेल्या दगडांना पैलू पडतात आणि दोन पैलू जिथे मिळतात तिथे धारदार कंगोरा तयार होतो. त्यातून चकमकीचा दगड असेल तर बोलायलाच नको. अश्मयुगातल्या माणसाने ज्याच्या सुऱ्या केल्या, तो हाच. आपण सुऱ्यांवरून गाडी चालवतो, मंडळी.

आता या चिऱ्याची गोष्ट. जरा लांबेल, पण सगळा विषय तिच्यातच आहे.

आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो होतो. एक माझी, एक दादाची. सकाळभर वाळूच्या टेकड्या पार केल्या, त्यामुळे चारही चाकांत १६ची हवा, म्हणजे १६ पीएसआय; पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप. वाळूला तेच बरोबर आहे. हवा उतरवली की टायर लांबट पसरतो, वजन वाटलं जातं, गाडी रुतत नाही. राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आणि त्याच्या साथीदारांनी १९३०च्या आसपास साध्या फोर्ड गाड्या लिबियाच्या वाळवंटात घातल्या, त्या टायरची हवा कमी करूनच. दुपारी तीनला वाळू संपली आणि काळा दगडी माळ लागला. दादा म्हणाला, "थांब गं, इथेच हवा भरून घे." माझा कॉम्प्रेसर एका चाकाला सात-आठ मिनिटं घ्यायचा, म्हणजे अर्धा तास गेला. ऊन उतरत होतं. मी म्हटलं, "दादा, सपाट तर आहे, मुक्कामावर भरू."

सपाट होताच. मी ताशी चाळीसने निघाले. वीस मिनिटांनी मागून जाड कापड टरकावल्यासारखा आवाज आला आणि गाडी उजवीकडे मागे बसली. उतरून पाहिलं तर तळहाताएवढा चपटा दगड. वरून काळा, चकाकता, तेल लावल्यासारखा. वाळवंटातल्या दगडांवर लोह आणि मँगेनीजचा असा पातळ थर चढतो. एका कडेचा ताजा टवका मात्र उडालेला. पुढच्या चाकाने तो आडवा दगड उभा केला होता आणि मागच्या चाकाने त्याची धार गालावर घेतली होती. १६च्या हवेवर टायरचा गाल नक्षीच्या बाहेर फुगलेला असतो, म्हणजे मी तो दगडापुढे स्वतःच काढून धरला होता. चिऱ्यातून पांढरे दोरे लोंबत होते. हे बघा, अजून आहेत.

दादाने पंक्चरच्या दोन वाती शेजारी शेजारी कोंबल्या. हवा भरताच शिट्टी वाजायला लागली. नक्षीतलं भोक वातीने बुजतं, कारण तिथे खाली पोलादी पट्टे आहेत, रबर फारसं हलत नाही. गाल प्रत्येक फेऱ्याला वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. तिथे वात टिकत नाही.

मग स्टेपनी. माझी तक्रार इथून सुरू होते आणि ती मी जाहीरपणे करणार आहे. चार नवे टायर घेताना विकणारा म्हणाला होता, "स्टेपनी जुनीच राहू द्या, कधीतरी लागते." जुनी स्टेपनी घेराने लहान होती. लहान चाक मागच्या आसावर लावलं तर डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे आसावरचे दातेरी गिअर, अखंड फिरत राहणार, तापणार. म्हणून पुढचं मोठं चाक काढून मागे लावलं आणि लहान पुढे. एका फाटलेल्या टायरसाठी दोनदा जॅक. चारही चाकांची ओढ लावायची सोय गेली, कारण पुढचे-मागचे घेर जुळत नव्हते. दुसरी स्टेपनी नव्हती. शंभरावर किलोमीटर ताशी वीसने, दादा पुढे चालत्या गाडीच्या दिव्यात दगड शोधतोय, मी त्याच्या चाकोरीत. रात्री अकराला पोचलो.

परत आल्यावर मी त्याच माणसाला विचारलं, याचा गाल किती पदरी? "दहा प्लाय," म्हणाला. आता तुम्हीच वाचा, टायरवर छापलेलंच आहे. इथे या बारीक अक्षरांत आधी नक्षीखालचे थर दिलेत, मग 'साइडवॉल, २ प्लाय पॉलिएस्टर'. दोन! दहा हे पदर नव्हेत, ते वजन पेलण्याचं मानांकन. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे थर घालायचे, तेव्हा आकडा आणि थर जुळायचे. धागे मजबूत झाले, थर कमी झाले, आकडा तसाच राहिला. विकणाऱ्यालाच हे ठाऊक नसेल तर घेणाऱ्याने काय करायचं? त्याने गुडघ्यावर बसून गाल वाचायचा.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. निवडीचं तर सगळंच बाकी आहे. भरभर सांगते, लिहून घ्या.

आजचे बहुतेक टायर रेडियल. मिशेलिनने १९४६मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यात पोलादी पट्टे फक्त नक्षीखाली असतात आणि गालावर या कडेपासून त्या कडेपर्यंत धाग्यांचे पदर. म्हणून गाल तीन पदरी असलेला टायर शोधा. जुन्या धर्तीच्या, आडव्यातिडव्या धाग्यांच्या टायरचा गाल टणक असतो हे खरं, पण सडकेवर तो तापतो आणि हाडं खिळखिळी करतो. लांबच्या प्रवासाला रेडियलच घ्या.

साध्या मोटारीच्या टायरऐवजी हलक्या ट्रकवर्गाचा, म्हणजे आकारापुढे किंवा मागे 'एलटी' लिहिलेला घ्या. त्यावरचा भारांक गाडी, माणसं, पाणी, इंधन सगळं धरून तपासा. ११६ म्हणजे एका टायरला १२५० किलो, १२१ म्हणजे १४५०.

रिम लहान, गाल उंच. टायरच्या मापात पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा गालाची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि 'आर'नंतरचा रिम इंचांत. २६५/७० आर १७ या टायरचा गाल साडेअठरा सेंटीमीटर. २७५/५५ आर २०चा जेमतेम पंधरा. चाकाची एकूण उंची जवळपास तीच. दगडावर टायर दबायला जागा हवी, नाहीतर रिम आणि दगड यांच्यात रबर चिमटलं जातं. शोभेच्या मोठ्या रिमवर गाडी रुबाबदार दिसते, मान्य. दगडी माळावर तिला नेऊ नका.

नक्षी. आता तिच्याकडे येऊ. चिखलाच्या एमटी टायरचे ठोकळे मोठे, खाचा रुंद. दगडावर त्या ठोकळ्यांचे टवके उडतात, खाचांत खडे अडकून आत आत रुतत जातात. वाळूत तो टायर खणत बसतो. मी एटी, म्हणजे सगळ्या प्रकारच्या जमिनीवर चालणारा टायर घेते, ठोकळे जवळजवळ, खाचेच्या तळाला खडा बाहेर ढकलणारे छोटे उंचवटे आणि खांद्यावरून गालावर उतरलेले जाड ठोकळे. ते शेवटचं चिलखत आहे.

हवा. सडकेवर ३६ असेल तर दगडांवर साधारण २६ ते २८, आणि वेग ताशी तीसच्या आत. पूर्ण हवेवर टायर दगडाला नुसता आपटतो, आतले धागे तुटतात. वाळूच्या हवेवर गाल बाहेर येतो, ते तुम्ही पाहिलंच. मोजायची सकाळी, थंड असताना. तापमान पाच-सहा अंश चढलं की सुमारे एक पीएसआय वाढते. वाळू संपेल तिथेच थांबून भरायची.

तारीख. गालावर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. जुन्या टायरचा गाल अंगठ्याने दाबून वाकवा, बारीक भेगा दिसल्या तर नक्षी कितीही भरलेली असो, नको.

आणि स्टेपनी त्याच मापाची, त्याच जातीची, दोन. एका फाटलेल्यानंतर मन जागेवर राहतं ते दुसरीमुळे.

वेळ संपली. प्रश्न बाहेर घेईन. आधी ज्यांना हवं त्यांनी पुढे या आणि या चिऱ्यात बोट घालून बघा. दगडही आणलाय, त्या कापडात गुंडाळून ठेवलाय. उलगडताना कडेला धरू नका.