नौसरहार आणि नवरदेव

श्रोतेहो, नमस्कार.

नऊसरी हार म्हटला की डोळ्यांपुढे दागिना येतो. पण दखनी भाषेत, म्हणजे दख्खनमधल्या जुन्या उर्दू बोलीत, ‘नौसरहार’ हे एका शोककाव्याचं नाव आहे. आपल्या जालना जिल्ह्यातल्या अंबडच्या बियाबानी सूफी घराण्यातले शाह अशरफ, त्यांनी ते १५०३ साली रचलं. विषय करबलाचा. इसवी सन ६८० मध्ये पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती पाण्यावाचून तडफडत मारले गेले, ती कथा.

साल जरा ध्यानात घ्या. इराणात हुसेनचा शोक पाळणाऱ्या शिया पंथाचं सफवी घराणं गादीवर येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. विजापुरात यूसुफ आदिलशहानं शिया खुत्बा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, नुकताच सुरू केलेला. आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा शिया झाला तो थेट १५३७ च्या सुमारास. त्याआधी तीसेक वर्षं एक सूफी लोकांच्या बोलीत हुसेनसाठी रडतो आहे! म्हणून मर्सिया, म्हणजे हे शोकगीत, दख्खनच्या दरबारांनी जन्माला घातलं, असं कुणी म्हटलं की मला ते पुरतं पटत नाही.

दरबारांनी ते वाढवलं, हे मात्र खरं. हैदराबाद वसवणाऱ्या मुहंमद कुली कुतुबशहानं आशूरखाना, म्हणजे मोहरमच्या शोकाची वास्तू, बांधला आणि स्वतः दखनीत मर्सिये लिहिले. विजापूरचा मिर्झा हा कवी तर त्याहून हट्टी. मर्सिया आणि धार्मिक स्तुती सोडून त्याची लेखणी चालत नसे. खुद्द बादशहाची तारीफ करायलाही तो राजी झाला नाही, असं सांगतात.

आता गंमत पाहा. सोळाव्याच शतकात इराणमधल्या काशानच्या मुहतशमनं बारा कडव्यांचं प्रसिद्ध शोककाव्य लिहिलं. त्यात आकाश हादरतं, जणू कयामतच उसळते. दखनी कवी मात्र आकाशाकडे फारसा पाहत नाही. तो घरात शिरतो. हुसेनच्या तान्ह्या अली असगरचा रिकामा पाळणा दाखवतो. हुसेनचा पुतण्या कासिम याचं युद्धाच्या तोंडावर लग्न लागतं, मेंदी लागते, आणि नवरी लगोलग विधवा होते. हे लग्न खरंच झालं का, याबद्दल इतिहासकार शंका घेतात. कवींना त्याचं काय! करबलातली नवरी त्यांनी दख्खनची लेक करून टाकली; तिच्या अंगावर इथली हळद, हातात इथल्या बांगड्या. आणि भाषा? आपला ‘नको’ आणि जोर देणारा ‘च’ ज्या दखनीत सहज नांदतो, ती.

पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मर्सिया लखनऊत गेला, सहा ओळींच्या कडव्यांचा झाला, रणवर्णनांनी भारदस्त झाला. दखनी मर्सिया बहुतेक गझलेच्या घाटाचा किंवा चार ओळींच्या कडव्यांचा. त्यामानानं साधा, पण गळ्यात चटकन बसणारा.

आमच्या गावात मोहरमला पंजे, म्हणजे काठीवर बसवलेले धातूचे हात, मिरवत निघायचे. माणसं ‘दूला, दूला’ ओरडत धावायची. ते देवाचंच एखादं नाव असावं, असं मला लहानपणी वाटे. दूला म्हणजे नवरदेव, म्हणजे तो कासिम, हे कळायला मला पुस्तकं वाचावी लागली. आजीनं एकही वाचलं नव्हतं. फडक्यात बांधलेले गोड चोंगे पंजांपुढे ठेवून ती दर वर्षी तेच म्हणायची, “पोरीची हळदसुदिक उतरली नव्हती रं.”