५० मिलिग्रॅम भुकटीत आवारांचं मूळ

[दृश्य: डॅन्यूब आणि तिसा नद्यांमधलं सपाट मैदान, ड्रोनमधून]

हंगेरीचं हे मैदान. इ. स. ५६७-६८च्या सुमारास आवार नावाचे लोक इथे येऊन ठाकले. पुढे दोनशेहून जास्त वर्षं मध्य युरोपावर त्यांचा वचक होता. ६२६ साली तर त्यांनी बायझंटाईन साम्राज्याच्या राजधानीला, कॉन्स्टँटिनोपललाच वेढा घातला. पण हे घोडेस्वार मुळात कुठले? स्वतःचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला नाही. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या तुर्कांचे सरदार बायझंटाईन दूतांना सांगत, "हे आमचेच पळालेले ताबेदार." वैऱ्याची साक्ष, कितपत धरायची?

[दृश्य: केच्केमेटचं संग्रहालय, सोन्याचे पट्टे, तलवारीची मूठ]

हंगेरीतल्या कुनबाबोन्यला १९७१ साली सापडलेल्या थडग्यातलं हे सोनं, दोन किलोच्या वर. थडगं खुद्द खागानाचं, म्हणजे आवारांच्या राजाचं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. पण सोनं व्यापारात, लुटीत, खंडणीत हातोहात फिरतं. हाडं तशी फिरत नाहीत.

[दृश्य: कवटीचा तळ, अगदी जवळून]

अंतर्कर्णाला वेढून असलेलं हे हाड शरीरात सगळ्यात घट्ट. म्हणूनच यात डीएनए टिकतो.

[दृश्य: निर्जंतुक खोली, अंगभर सूट, दुहेरी हातमोजे, मास्क]

आधी पृष्ठभाग खरवडून काढायचा, मग अतिनील प्रकाश द्यायचा. ड्रिल सावकाश चालवायचं. घाई केली की हाड तापतं आणि उरलासुरला डीएनएही तुटतो. साधारण ५० मिलिग्रॅम भुकटी पुरते. त्याहून जास्त काढायचं कारण नाही. एकदा दळलेलं हाड परत मिळत नाही, आणि उद्याची पद्धत आजच्यापेक्षा चांगली असणार आहे.

भुकटी ईडीटीए आणि प्रोटिनेज-के यांच्या द्रावणात रात्रभर, ३७ अंशांवर. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, प्रोटिनेज प्रथिनं तोडतं. मोकळा झालेला डीएनए सिलिकावर चिकटवून धुतात. मातीतलं ह्युमिक आम्ल नीट धुतलं गेलं नाही, तर पुढची पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया, अडते. शेजारची ही नळी रिकामी दिसते. तिच्यात हाड नाही, पण बाकी सगळी रसायनं आहेत. हिच्यात मानवी डीएनए दिसला, तर खोलीत, रसायनात किंवा हातात कुठेतरी घाण आहे.

[दृश्य: संगणकाचा पडदा, आलेख]

डीएनएची भाषा ए, सी, जी, टी या चार अक्षरांची. इथले तुकडे जेमतेम ४०-६० अक्षरांचे. टोकांकडे 'सी'च्या जागी 'टी' वाचला जातो; ही जुनेपणाची खूण, आजच्या माणसाच्या डीएनएत ती नसते. पुरुषाला एक्स गुणसूत्र एकच. तिथे एकाच जागी दोन वेगळी अक्षरं वारंवार आली, तर नमुन्यात दुसरं कुणीतरी मिसळलंय. एवढ्यातून तरलेल्या नमुन्यांमध्येच जीनोममधल्या, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएतल्या, सुमारे १२ लाख जागा वाचतात.

[दृश्य: नकाशा, मंगोलियापासून डॅन्यूबपर्यंत रेघ]

लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी हंगेरीतल्या सहकाऱ्यांबरोबर २०२२ साली निकाल मांडला: सातव्या शतकातल्या आवार सरदारांचा वंश बहुतांशी ईशान्य आशियाई, मंगोलियातल्या रौरान राज्याच्या मुलखाकडे बोट दाखवणारा. ते राज्य तुर्कांनी ५५०च्या दशकात मोडलं. काही वर्षांत पाच हजार किलोमीटर कापून ही माणसं कॉकेशसला पोचली, आणखी दहाएक वर्षांत इथे.

[दृश्य: राकोत्सीफाल्वाची दफनभूमी, थडग्यांच्या रांगा]

२०२४ साली हंगेरीतल्या चार आवार दफनभूमींतल्या ४२४ जणांचे नमुने वाचले गेले. राकोत्सीफाल्वाची एक वंशावळ नऊ पिढ्यांची, १४६ माणसांची निघाली. मुलगे वडिलांच्याच गावी पुरलेले, सुना बाहेरून आलेल्या. काही स्त्रियांना मुलं झाली ती दोन जवळच्या नातलग पुरुषांपासून. बहुधा विधवेचं लग्न दिराशी लावत असावेत.

[दृश्य: मंगोलियाचा गवताळ प्रदेश, खोदकाम]

२०२२च्या तुलनेला रौरान काळातला जीनोम होता एकच. आवारांची शेकडो हाडं वाचून झाली, पण रेघेच्या पूर्वेकडच्या टोकाला अजून आधार लागेल, आणि तो मंगोलियातल्या थडग्यांतूनच मिळेल. तिथेही ५० मिलिग्रॅमच.