एक आवाज, आठ हजार बाइट

अध्यक्ष महाशय, जुने सहकारी आणि परीक्षेच्या दिवसांतही आवर्जून आलेले विद्यार्थी मित्रहो,

जुन्या टेलिफोन लाइनींचे वेग आजच्या मेगाबाइटमध्ये कसे मांडावेत, हा आजचा विषय आहे. लाइनीचा वेग बिटांत सांगतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून ‘आठाने भागा आणि मोकळे व्हा’ असे यावर सर्रास सांगितले जाते. पण कोणत्या आकड्याला भागायचे हे न ठरवता केलेल्या भागाकारामुळे एका निर्दोष माणसावर ठपका आलेला मी पाहिला आहे, आणि तेवढ्यासाठीच हा विषय मी मागून घेतला.

१९९९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. शिवाजीनगरच्या एका कार्यालयातून नऊ गिगाबाइटच्या डिस्कची पूर्ण प्रत हडपसरच्या शाखेत रोज रात्री पाठवायची, असे ठरले. त्यासाठी ‘दोन एमबी’ची लीज लाइन घेतली होती. नियोजनाच्या कागदावर नऊ हजारांना दोनाने भागून साडेचार हजार सेकंद, म्हणजे सव्वा तास, असे लिहिले होते. तेव्हा रात्री अकराला सुरू केलेले काम साडेबाराच्या आत उरकायला हवे होते. प्रत्यक्षात सकाळी साडेनऊला कर्मचारी खुर्च्यांवर येऊन बसले तरी प्रत जातच होती आणि खिडक्यांपुढची रांग जिन्यापर्यंत गेली होती. लाइन खराब आहे, असा निष्कर्ष तिथल्या तिथे निघाला आणि तक्रार गेली.

आलेले लाइनमन निवृत्तीला टेकलेले होते. त्यांनी भर पावसात फुटपाथवरचा पिलर, म्हणजे टेलिफोनच्या तारा जोडण्याची पेटी, उघडला, डोक्यावरची छत्री माझ्या हातात दिली, कोरड्या फडक्याने एकेक टर्मिनल पुसले, आमच्या तारांच्या दोन्ही जोड्या शोधल्या आणि चुका मोजणारा टेस्टर लावून दोन तास तिथेच उभे राहिले. मग त्याचा पडदा माझ्याकडे वळवून म्हणाले, “साहेब, लाइनीत खोट असती तर हा आकडा चढला असता. हा शून्यावरच बसलाय.” तरीही त्या आठवड्यात त्यांना दोनदा जोड्या बदलायला लावल्या, आणि रजिस्टरमध्ये ‘दुरुस्तीत हयगय’ असा शेरा मारला गेला. तो शेरा पुढे कोणी खोडला नाही, याची खंत मला आजही आहे.

आता त्या लाइनीचा हिशेब पाहू. फोनवर माणसाचा आवाज ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या पट्ट्यात बसवतात. ४,००० हर्ट्झपर्यंतची जागा धरली, की आवाजाचे नमुने तिच्या दुपटीने, म्हणजे सेकंदाला ८,००० वेळा घ्यावे लागतात. प्रत्येक नमुना आठ बिटांचा असल्याने एका संभाषणाला सेकंदाला ६४,००० बिट लागतात. (चौसष्ट पैशांचा रुपया खर्च केलेल्या ज्येष्ठांना हा आकडा परका वाटू नये.) पण आठ बिटांचा तो नमुना म्हणजेच एक बाइट आहे, म्हणून एका संभाषणाचा वेग सेकंदाला नेमका ८,००० बाइट होतो. जुन्या लाइनींचे माप घ्यायचे ते या ८,००० च्या मापट्याने, असा माझा आग्रह आहे.

आपल्याकडच्या ई-१ लाइनीत, म्हणजे त्या ‘दोन एमबी’च्या लाइनीत, असे ३२ टाइमस्लॉट, म्हणजे आळीपाळीने येणारे एकेका बाइटचे कप्पे, असतात. त्यांची एक फेरी म्हणजे एक फ्रेम, आणि अशा फ्रेम सेकंदाला ८,००० जातात. शून्यावा फ्रेमचा मेळ राखतो, सोळावा सिग्नलिंगसाठी, म्हणजे फोन जोडण्या-तोडण्याच्या खुणांसाठी, असतो आणि उरलेले ३० संभाषणांसाठी. एकूण २,०४८ किलोबिट. खरी फसगत इथेच होते. संगणकवाल्यांना २,०४८ मध्ये १,०२४ ची दुप्पट दिसते आणि ते त्याला खुशाल ‘दोन एमबी’ म्हणतात. हा आकडा मात्र ६४ गुणिले ३२ असा आलेला आहे, त्यातला किलो साधा हजाराचा आहे आणि तो बिटांचा आहे. १,०२४ च्या मापाला किबी, मेबी अशी वेगळी नावे १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय स्तरावर दिली गेली, पण कार्यालयांच्या तोंडी ती बसली नाहीत.

आमच्या लाइनीवर ३० स्लॉट डेटासाठी होते. तीस गुणिले आठ हजार, म्हणजे सेकंदाला २,४०,००० बाइट. नऊ गिगाबाइटला ३७,५०० सेकंद, म्हणजे दहा तास पंचवीस मिनिटे लागणार, आणि डेटाच्या पॅकेटांवर लागणाऱ्या पत्त्याचा, म्हणजे हेडरचा, भार त्यावर वेगळा. रात्री अकराला सुरू केलेली प्रत सकाळी नऊ पंचवीसच्या आधी संपणे शक्यच नव्हते. लाइन आपले काम चोख करत होती.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा उरलेले आकडे भरभर सांगतो. अमेरिकेच्या टी-१ या अशाच लाइनीमध्ये दर फ्रेमला २४ बाइट आणि फ्रेम ओळखण्याचा एक सुटा बिट असतो. १,५४४ किलोबिटला आठाने भागले की १,९३,००० बाइट येतात, पण हाती पडतात ते १,९२,०००. वरचे हजार त्या एका बिटाचे. एसटीएम-१ या त्याहून कितीतरी मोठ्या लाइनीची फ्रेम नऊ ओळी आणि २७० रकान्यांची, म्हणजे २,४३० बाइटची. तिला ८,००० ने गुणले की सेकंदाला १९.४४ मेगाबाइट, म्हणजेच १५५.५२ मेगाबिट; मात्र व्यवस्थेचे दहा रकाने वजा जाता मालासाठी १८.७२ मेगाबाइट उरतात. डायल-अप मोडेमचे ५६ किलोबिट याच घराण्यातले आहेत, कारण तिथे आठांपैकी सातच बिट भरवशाचे धरले, आणि सात गुणिले आठ हजार छप्पन हजार होतात.

टेलेक्सला, म्हणजे तारेवरून टंकलेला मजकूर पाठवण्याच्या जुन्या सेवेला, हे मापटे चालत नाही आणि आठाचा भागाकारही चालत नाही. तिथे अक्षर पाच बिटांचे, पण स्टार्ट-स्टॉप, म्हणजे अक्षराच्या सुरुवातीची आणि शेवटची खूण, धरून ते तारेवर साडेसात बिटांची जागा घेते. म्हणून ५० बॉडवर (सेकंदाला ५० ठोक्यांवर) सेकंदाला सहा अक्षरे आणि वर दोन तृतीयांश. बॉड आणि बिट एक नव्हेत, हेही लक्षात ठेवावे : २,४०० बिटांचा मोडेम ६०० बॉडवर चाले, कारण प्रत्येक ठोक्यात तो चार बिट भरी.

२००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडची किमान पातळी २५६ किलोबिट ठरवली, म्हणजे चार संभाषणे, ३२,००० बाइट. आज घरी १०० मेगाबिटची लाइन असेल तर ती सुमारे १,५६२ संभाषणांइतकी आहे, आणि पूर्ण वेग मिळाला तर ती नऊ गिगाबाइटची प्रत बारा मिनिटांत पोहोचवेल. फळ्यावर मी एसटीएम-१ ची चौकट आखून ठेवली आहे. ज्यांना रकाने मोजून पाहायचे असतील त्यांनी पुढे यावे.