पाच वाजता पोर्टल बंद होतं

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ, पावणेपाच. मोबाइलची स्क्रीन, त्यावर अंगठा.)

24 जून 2024. उत्तर प्रदेशातला मुझफ्फरनगर जिल्हा, टिटोरा गाव. पैसे जमलेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून, ओळखीपाळखीतून मागून आणलेले. साडेसतरा हजार रुपये. मुलगा फॉर्म भरतोय, घरातले मागे उभे आहेत. संध्याकाळचे पाच वाजतात आणि पोर्टल त्याला बाहेर काढतं.

या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग. त्याचं नाव त्या वेळी सगळ्या वर्तमानपत्रांत आलं, पण आपण घेणार नाही. त्याला त्याचा अभ्यास करू दे.

आयआयटीची गोष्ट सांगायची म्हटलं की आपण कोटापासून सुरुवात करतो. क्लास, वसतिगृह, पहाटे चारचा गजर. निकाल लागला की चौकात फ्लेक्स, पेढे, आमदारांच्या हस्ते सत्कार. गोष्ट तिथंच संपते असं आपण धरून चालतो. या फिल्ममध्ये आपण फ्लेक्स लागल्यानंतरचे चार दिवस बघणार आहोत.

आधी आकडे. 2024 साली जेईई मेनला, म्हणजे पहिल्या प्रवेश परीक्षेला, बसलेली मुलं 14 लाखांच्या वर. त्यातल्या वरच्या अडीच लाखांना आयआयटीसाठीची पुढची परीक्षा, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, देता येते. एकाच दिवशी तीन-तीन तासांचे दोन पेपर. दोन्ही दिले 1,80,200 जणांनी. पात्र ठरले 48,248. आणि 23 आयआयटींमध्ये मिळून जागा होत्या 17,740. अ‍ॅडव्हान्स्ड देता येते फक्त दोनदा, तीही लागोपाठच्या दोन वर्षांत. टिटोराच्या मुलाची ही दुसरी खेप होती.

(दृश्य: सायबर कॅफे. पसंतीक्रमाची लांबलचक यादी वरखाली सरकतेय.)

रँक आली म्हणजे जागा आली असं नाही. पुढं असते जोसा, म्हणजे जागावाटपाची केंद्रीय प्रक्रिया. कॉलेज आणि शाखा यांचा पसंतीक्रम भरायचा. मग फेऱ्या. जागा लागली की तीन शब्द समोर येतात आणि पहिल्यांदा बघणाऱ्या बापाला त्यातलं काही कळत नाही. फ्रीझ, फ्लोट, स्लाइड. फ्रीझ म्हणजे मिळालं ते मला चालेल. फ्लोट म्हणजे हे राहू द्या, पुढच्या फेरीत यादीतलं वरचं काही मिळालं तर ते द्या. स्लाइड म्हणजे कॉलेज हेच, शाखा बदलली तर बघू. तिन्हीपैकी काहीही निवडा, कागदपत्रं चढवावी लागतात आणि जागा स्वीकारण्याचं शुल्क भरावंच लागतं. नाही भरलं तर नुसती ती जागाच जाते असं नाही, मुलगा पुढच्या फेऱ्यांतूनही बाहेर पडतो.

कागदपत्रांचा घोळ आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. जूनचा पहिला पाऊस, सेतू केंद्रासमोर रांग, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला शाळा सोडल्याचा दाखला. ओबीसीचं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचं लागतं, तेही केंद्राच्या नमुन्यातलं. राज्याच्या नमुन्यातलं घेऊन आलेल्याला परत प्रांत कार्यालयात जावं लागतं. साहेब दौऱ्यावर असतील तर दिवस गेला.

आणि पैसे. नुसते असून भागत नाही, ते जायलाही लागतात. कार्डाला रोजची मर्यादा असते. बँकेतला सर्व्हर ऐन वेळी झोपतो. ज्याच्या खात्यात महिनोन्‌महिने हजाराच्या वर काही नसतं, त्याला ही मर्यादा कशी वाढवायची हे कोण सांगणार?

टिटोराच्या मुलाचे वडील कपड्याच्या कारखान्यात रोजंदारीवर. रोजचे 450 रुपये. साडेसतरा हजार म्हणजे जवळजवळ 39 दिवसांची मजुरी, एक रुपया न खाता. जागा लागली 20 जूनला, मुदत 24 जूनची. चार दिवस.

मुदत असूच नये असं कुणी म्हणत नाही. मुदत नसेल तर जागा अडकून राहतील, मागचा मुलगा वाट बघत बसेल. नियम शहाणपणाचाच आहे. फक्त तो आखताना समोर जो माणूस धरला होता, त्याच्या खात्यात साडेसतरा हजार आधीच पडलेले होते.

(दृश्य: पवई. तलाव, मागे आयआयटीच्या इमारती.)

हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. तीन वर्षं आधीची गोष्ट, आपल्या मुंबईची.

ऑक्टोबर 2021. एका दलित मुलाला मुंबई आयआयटीत सिव्हिल इंजिनिअरिंगची जागा लागली. त्यानं कागदपत्रं चढवली. पैसे कमी पडत होते, ते बहिणीनं पाठवले. मग पैसे भरायला बसला. दहा-बारा वेळा प्रयत्न केला, व्यवहार पूर्ण होईना. सायबर कॅफेत जाऊन बघितलं, तिथंही तेच. मुदत गेली. त्यानं उसने पैसे घेतले आणि थेट खरगपूर गाठलं. खरगपूर का, तर अ‍ॅडव्हान्स्ड घेण्याची जबाबदारी दर वर्षी वेगळ्या आयआयटीकडे असते आणि त्या वर्षी ती खरगपूरकडे होती. तिथं काम झालं नाही. मुंबई उच्च न्यायालयात गेला, याचिका फेटाळली गेली.

सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती ए. एस. बोपण्णा यांच्यापुढे प्रकरण आलं. 22 नोव्हेंबर 2021 ला आदेश झाला : इतर कुणाच्या प्रवेशाला धक्का न लावता या मुलासाठी जागा तयार करा, 48 तासांत.

त्यानंतर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं, असं आपल्याला वाटतं. आदेश एका मुलापुरता होता. पोर्टल होतं तसंच राहिलं.

(दृश्य: रेल्वेचा जनरल डबा. खिडकीबाहेर पळणारी शेतं.)

2024 मध्ये टिटोराच्या मुलाची वणवण सुरू झाली. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग. मग झारखंडचं विधी सेवा प्राधिकरण. मग मद्रास उच्च न्यायालय, कारण त्या वर्षीची परीक्षा मद्रास आयआयटीनं घेतली होती. मुझफ्फरनगरच्या मुलानं धनबादच्या जागेसाठी चेन्नईत दाद मागायची! नकाशा काढून बघा. जुलै गेला, ऑगस्ट गेला. तिकडं वर्ग सुरू झालेले.

30 सप्टेंबर 2024. सर्वोच्च न्यायालय. तोवर चंद्रचूड सरन्यायाधीश झाले होते, सोबत न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्रा. समोरच्या बाजूचं, म्हणजे जागावाटप करणाऱ्यांचं, म्हणणं असं की मुलानं दुपारी तीनलाच लॉगइन केलं होतं, म्हणजे ऐन वेळी धावपळ झाली असं म्हणता येणार नाही. हा युक्तिवाद नीट ऐका. लॉगइन करायला इंटरनेट लागतं, शुल्क भरायला पैसे. तीन वाजता त्याच्याकडे यातलं एकच होतं.

खंडपीठानं म्हटलं, अशा हुशार मुलाला आम्ही असं हातचं जाऊ देऊ शकत नाही. जो मुलगा वणवण फिरत इथवर आला, त्याला वाऱ्यावर सोडता येणार नाही. राज्यघटनेच्या 142 व्या कलमाखाली, पूर्ण न्याय करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला जो खास अधिकार आहे तो वापरून, आदेश दिला : त्याच तुकडीत, त्याच शाखेत प्रवेश द्या. कुणाची जागा काढू नका, अधिसंख्य, म्हणजे ठरलेल्या संख्येबाहेरची जादा, जागा निर्माण करा.

मुलगा कोर्टात हजर होता. सरन्यायाधीश त्याला म्हणाले, ‘ऑल द बेस्ट. अच्छा करिए.’

(दृश्य: धनबाद. 1926 साली खाणींचं शिक्षण देण्यासाठी सुरू झालेल्या संस्थेची जुनी इमारत. 2016 पासून ही आयआयटी.)

इकडं 2025 चा जून आला. नवी मुलं, नव्या रँका, चौकात नवे फ्लेक्स. जागा लागल्या, शुल्क भरायची मुदत जाहीर झाली. वेळ तीच, संध्याकाळचे पाच.

2024 च्या जागावाटपाच्या तक्त्यात सगळ्या आयआयटींची मिळून बेरीज 17,740 आहे. टिटोराच्या मुलाची जागा त्या बेरजेत धरलेली नाही.