मोंबासा : समोरचा किनारा

भिंतीवरचा पिवळसर गिलावा जिथे गळून पडला आहे, तिथे जवळ जाऊन पाहिले, तर आतला दगड प्रवाळाचा असल्याचे लक्षात येते. त्याला बारीक छिद्रे आहेत आणि बोट फिरवले की खरखर लागते. केनियाच्या मोंबासा शहरातील हा किल्ला म्हणजे फोर्ट जीझस. जुन्या बंदराच्या मुखाशी पोर्तुगीजांनी तो 1593 ते 1596 या काळात बांधला. त्याचा आराखडा तयार करणारा जोव्हान्नी बात्तिस्ता कैराती हा मूळचा मिलानचा. पोर्तुगीज हिंदुस्थानचा मुख्य स्थापत्यकार म्हणून त्याने काम केले आणि 1596 मध्ये गोव्यातच त्याचा मृत्यू झाला. मोंबासाचा कप्तान त्या काळी गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली असे, त्यामुळे या तटबंदीच्या इतिहासात गोवा पुन्हा पुन्हा डोकावतो.

युसुफ बिन हसन या येथील राजपुत्राचीच गोष्ट घ्या. लहान वयात त्याला गोव्याला नेण्यात आले, ऑगस्टिनियन पाद्र्यांच्या देखरेखीखाली तो वाढला आणि दोम जेरोनिमो हे ख्रिस्ती नाव घेऊन मोंबासाच्या गादीवर परतला. पुढे ऑगस्ट 1631 मध्ये याच किल्ल्यात शिरून त्याने पोर्तुगीज कप्तानाला ठार केले आणि पुन्हा इस्लाम स्वीकारला.

मराठी प्रेक्षकाने मात्र तटावरून खाली, बंदराच्या पाण्याकडे आवर्जून पाहावे. 1696 च्या मार्च महिन्यात ओमानच्या आरमाराने किल्ल्याला वेढा घातला आणि तो सुमारे 33 महिने चालला. अडकलेल्या शिबंदीच्या मदतीसाठी गोव्याहून जी जहाजे आली, त्यांत ‘सांतो अंतोनियो दी ताना’ नावाचे लढाऊ जहाज होते. ते 1681 मध्ये वसईला बांधलेले होते, आणि नावातील ‘ताना’ म्हणजे आपले ठाणे. 1697 च्या ऑक्टोबरमध्ये हे जहाज किल्ल्याच्या पायथ्याशी बुडाले; पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये किल्लाही पडला. जवळजवळ तीन शतकांनी, 1977 ते 1980 या काळात, पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी त्या सांगाड्याचे उत्खनन केले. वर आलेल्या वस्तूंपैकी काही किल्ल्यातील संग्रहालयात मांडलेल्या आहेत. बहुतेक प्रवासी त्या कपाटांसमोर फार रेंगाळत नाहीत. वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला मात्र तिथून पाय काढणे अवघड जावे.

संग्रहालयातील आणखी एक वस्तू चुकवू नये, ती म्हणजे पोर्तुगीज शिपायांनी काजळी आणि गेरूने चितारलेली भिंत. तिच्यावर जहाजे आहेत, मासे आहेत, माणसे आहेत. कुणा मोठ्या चित्रकाराचे हे काम नाही. पहाऱ्यावर कंटाळलेल्या, घरापासून फार दूर आलेल्या माणसांनी वेळ घालवण्यासाठी ओढलेल्या या रेघा आहेत, आणि त्यामुळेच त्या तोफांपेक्षा अधिक बोलक्या वाटतात. ब्रिटिशांनी 1895 ते 1958 पर्यंत या किल्ल्याचा तुरुंग केला होता. 2011 पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

किल्ल्याला लागूनच जुने शहर सुरू होते. येथील बोळ इतके अरुंद आहेत की भर दुपारीही सावली मिळते. कोरीव लाकडी दरवाजे आणि पुढे आलेले सज्जे पाहत सावकाश चालत राहिले, की सोळाव्या शतकातील मंधरी मशिदीचा वर निमुळता होत गेलेला पांढरा मनोरा दिसतो. चालताना कानावर पडणारी स्वाहिली भाषा ओळखीची वाटली, तर नवल नाही. दुकानाला इथे ‘दुका’ म्हणतात, गाडीला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’, लाखाला ‘लाकी’ आणि ताटातल्या कोशिंबिरीला ‘कचुंबारी’. घराघरांत नारळ खवण्यासाठी जे साधन वापरतात, ते बसायच्या लहानशा लाकडी बैठकीला पुढे दातेरी पाते बसवलेले असते. त्याला ‘म्बुझी’ म्हणजे बकरी असे नाव आहे, परंतु कोकणातल्या कोणत्याही आजीला ते हातात दिले, तर ती न विचारता त्यावर बसून नारळ खवू लागेल.

हे साम्य वाऱ्यांनी घडवले. नोव्हेंबर ते मार्च वाहणारा ईशान्येचा ‘कास्काझी’ अरबस्तानातून आणि हिंदुस्थानातून गलबते इकडे आणत असे, तर एप्रिलनंतरचा ‘कूसी’ त्यांना परत नेत असे. पुढे आगबोटी आल्या. 1896 मध्ये मोंबासाहून आत जाणाऱ्या युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले, तेव्हा त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे 32 हजार मजूर आणले गेले, आणि ब्रिटिशांच्या कचेऱ्यांत गोव्याचे कारकून बसू लागले. आज शहरात फिरताना संगमरवरी जैन मंदिर दिसते, ते अशाच एका स्थलांतराच्या पाऊलखुणांपैकी एक.

मोई अव्हेन्यूवरील प्रचंड हस्तिदंती कमानींसमोर सगळेच छायाचित्र काढतात. हे दात खरे नाहीत, धातूचे आहेत, आणि 1950 च्या दशकात ब्रिटिश राजघराण्यातील पाहुण्यांच्या स्वागतासाठी त्यांची कल्पना निघाली. त्यांच्यासाठी पाच मिनिटे पुरेत. न्याली आणि बांबुरीचे पांढऱ्या वाळूचे किनारे सुंदर आहेतच, दक्षिणेचा दियानी त्याहून सुंदर आहे.

बांबुरीला गेल्यावर हॅलर पार्कसाठी मात्र अर्धा दिवस राखावा. सिमेंटसाठी चुनखडी काढून ओसाड झालेल्या या खाणीत स्विस कृषितज्ज्ञ रेने हॅलर यांनी 1971 पासून झाडे जगवण्याचे प्रयोग केले. माती नसलेल्या त्या खडकावर तग धरली ती सुरूने, आपल्या किनाऱ्यावरच्या त्याच सुरूने. पण त्याची गळलेली पाने कुजेनात, म्हणून लाल पायांचे वाणी किडे आणून सोडले गेले. ते पाने खात, त्यांच्या विष्ठेतून माती तयार होत गेली आणि मग इतर झाडेही रुजली. 2004 च्या त्सुनामीनंतर वाचवलेले ओवेन नावाचे पाणघोड्याचे पिल्लू येथेच आणले गेले, आणि ते म्झी नावाच्या शंभरी उलटलेल्या महाकाय कासवाला चिकटून राहू लागले.

मोंबासाचा जुना भाग बेटावर आहे. तिथून थेट दक्षिणेकडे जायला लिकोनीची फेरीबोट आहे, आणि पायी जाणाऱ्यांकडून तिचे भाडे घेत नाहीत. फेरीच्या धक्क्यापासून जवळच, मामा न्गीना रस्त्याकडेला, जाडजूड गोरखचिंचांची रांग आहे. मुंबईत आणि वसईत उभ्या असलेल्या गोरखचिंचेचा मूळ मुलूख हाच. संध्याकाळी तिथे लोक शहाळी पितात, तळलेल्या कसावा कंदाच्या कापांवर तिखट आणि लिंबू पिळून खातात, आणि मुले लाल पाकात घोळवलेल्या गोरखचिंचेच्या बिया चघळतात. त्यांच्या समोरून, अगदी हाताच्या अंतरावर वाटावे इतक्या जवळून, मालवाहू जहाजे किलिंदिनी बंदरात शिरत असतात.