श्रीपेरुंबुदूर: गायब झालेल्या धडाने दिलेली साक्ष

२१ मे १९९१. रात्रीचे दहा वाजून गेलेत. मद्रासपासून चाळीसेक किलोमीटरवर, श्रीपेरुंबुदूरच्या मैदानात लोक राजीव गांधींची वाट बघत ताटकळलेत. ते येतात, हार स्वीकारत व्यासपीठाकडे निघतात. दहा वीसच्या सुमारास स्फोट होतो.

धूर निवळतो. सहकारी त्यांना शोधत सुटतात. ओळख पटते ती पायातल्या बुटांवरून.

बॉम्ब होता कुठे? कुणी म्हणालं हारात, कुणी म्हणालं फुलांच्या परडीत. तर्कांना ऊत आला होता. तामिळनाडूच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचे संचालक डॉ. पी. चंद्रशेखरन यांनी मात्र आधी मृतदेह बघितले.

त्यात एका तरुणीचं शिर सापडलं, चेहरा ओळखू येण्याजोगा. हातपायांचे तुकडेही मिळाले. धड मात्र नव्हतंच. बाकीच्यांना जखमा झाल्या होत्या त्या बाहेरून, समोरून, बाजूने. हिच्या शरीराचा मधला भागच उडाला होता. स्फोटकाच्या अगदी लगत जे असतं, त्याच्या सर्वांत जास्त चिंधड्या उडतात. म्हणजे बॉम्ब हारात नव्हता, परडीतही नव्हता. तो तिच्या अंगावर होता.

मग सुरू झालं खरं कष्टाचं काम. रक्तामातीत माखलेल्या चिंध्या एकेक करून निवडायच्या. त्यांत हिरव्या आणि नारिंगी सलवार-कमीजचे तुकडे होते, आणि सोबत जाड डेनिमचे. उन्हाळ्यातल्या सलवार-कमीजखाली डेनिम कशासाठी? तुकड्याला तुकडा जुळवत गेल्यावर अंगावर बांधायचा पट्टा उभा राहिला. वायरी, ९ व्होल्टची बॅटरी, दोन स्विच. आत आरडीएक्स आणि पोलादी छर्रे. ती तरुणी पुढे धनू या नावाने देशाला माहीत झाली.

चिमट्याने एकेक चिंधी उचलणाऱ्या त्या हातांबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि मग तो कॅमेरा.

स्फोटात मेलेल्या हरिबाबू या तरुण छायाचित्रकाराजवळ तो सापडला, जवळपास शाबूत. हरिबाबू कटवाल्यांसोबतच आला होता, हे नंतर उघड झालं. फिल्म धुतली. दहा फोटो निघाले.

एका फोटोकडे जरा थांबून बघा. चंदनाचा हार घेतलेली धनू. कडेला पांढऱ्या कुर्ता-पायजम्यातला, पत्रकार वाटावा असा माणूस. तोच शिवरासन, कटाचा सूत्रधार. ऑगस्टमध्ये बंगळूरजवळ पोलिसांनी त्याला घेरलं, पण तो जिवंत हाती लागला नाही.

त्याच फोटोत धनूच्या शेजारी एक शाळकरी मुलगी उभी आहे. राजीव गांधींना कविता म्हणून दाखवायला आली होती. सोबत तिची आई.

त्या दोघीही त्या रात्री घरी परतल्या नाहीत.