राखून ठेवलेली दहा कलमं

(दृश्य: देवगडजवळचं गाव. पहाट. कातळावरची हापूसची बाग, पाठीमागे समुद्राची गाज.)

थंडी उतरायच्या आधीच इथल्या बागायतदाराला ठरवावं लागतं, बाग कराराने द्यायची की स्वतः करायची. कराराने दिली तर ठरलेली रक्कम हातात पडते, मग तुडतुडे येवोत नाहीतर अवकाळी पडो. स्वतः केली तर फवारणीचा खर्च आपला, राखणीची जागरणं आपली, आणि वर्ष साधलं तर पैसाही आपला.

ही बाग माझ्या काकांची. आयुष्यभर त्यांनी ती कराराने दिली. सावध माणूस.

(दृश्य: पडवी. खुंटीला अडकवलेली कापडी पिशवी, तिच्यात रिपोर्टांची फाइल.)

तोंडाचा कर्करोग ऑपरेशननंतर उलटला, तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. नेहमीची केमो: काही महिने मिळतील, साधारण किती तेही सांगता येत होतं. दुसरी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारी उपचारपद्धती: बऱ्याच जणांना तिचा गुण येत नाही, पण ज्या थोड्यांना येतो त्यांचा आजार कधीकधी वर्षानुवर्षं आवरलेला राहतो. काकांनी दुसरी वाट धरली.

“धाकट्याचा लगीन बघूचा आसा माका,” एवढंच म्हणाले. लग्न दीड वर्षावर होतं. काही महिने त्यांच्या कामाचे नव्हते.

(दृश्य: कोकण रेल्वेचा डबा. रात्र. खिडकीला टेकलेलं डोकं.)

औषधाचं मोल ठरवणाऱ्या संस्था असतात. ब्रिटनमध्ये ‘नाइस’ हे काम १९९९ पासून करते. आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ साली अशी व्यवस्था उभी केली. त्यांचं एक माप आहे, क्वाली (QALY): औषधाने मिळणारी वर्षं आरोग्याच्या तोलाने मोजायची. पूर्ण आरोग्यातलं वर्ष म्हणजे १, निम्म्या आरोग्यातलं ०.५. सरकारचा पैसा सगळ्यांना पुरवायचा तर हिशेब हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या हिशेबात सरासरी धरतात. सगळ्यांना दीड वर्ष देणारं औषध, आणि निम्म्यांना काहीच न देता उरलेल्यांना तीन वर्षं देणारं औषध, सरासरीत दोन्ही सारखीच.

आजारी माणसाला ती सारखी वाटत नाहीत. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कर्करोगाच्या रुग्णांपुढे असेच पर्याय ठेवले होते. १०० पैकी ७७ जणांनी खात्रीचं सोडून आशेचं निवडलं. या आशेलाही मोल आहे, ते हिशेबात धरा, असं काही अर्थतज्ज्ञ तेव्हापासून सांगत आले आहेत. मला ते पटतं. मात्र आशेचं कारण पुढे करून औषधाची किंमत चढवणं मला मुळीच मान्य नाही. त्यापायी कलमं गहाण पडतात, मुलींचे दागिने जातात.

परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वेगळी वाट शोधली. डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर त्यांनी अभ्यास केला. तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीला त्यांनी निम्म्या रुग्णांना निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध दिलं, पण फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १०० मध्ये १६ वरून ४३ वर गेलं. काकांना मिळालं ते हेच.

(दृश्य: परसदार. चुलीवर पाणी तापतंय.)

त्यांना गुण आला नाही. पाचव्या महिन्यात गाठ पुन्हा वाढली. मग एका रात्री त्यांनी काकूला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “आता माका नुसती नीज येऊक व्हयी.”

त्यांची आशा बदलली होती, आणि आम्ही अजून लग्नाच्याच तारखा मोजत होतो. वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनची गोळी मिळवायला तीन ठिकाणी हेलपाटे घातले. मॉर्फिन सहज मिळावं म्हणून २०१४ साली कायदा बदलला, तरी तालुक्यापर्यंत ती गोळी पोचलेली नव्हती. मिळाली त्या रात्री काका सहा तास झोपले. काकू उशाशी बसून त्यांचा श्वास ऐकत राहिली. त्या सहा तासांचं मोल तिला विचारा.

धाकट्याचं लग्न त्यांनी पाहिलं नाही.

(दृश्य: घरामागची कलमं. फांद्यांच्या टोकाला कोवळा मोहोर.)

मुंबईला निघण्याआधी त्यांनी बाग नेहमीसारखी कराराने दिली होती. फक्त घरामागची दहा कलमं राखून ठेवली, आयुष्यात पहिल्यांदा. करारवाल्याने कारण विचारलं, तर म्हणाले, “ही मी करतंय.”

ती दहा कलमं आता काकू करते. यंदा सहांना मोहोर आलाय.